चुकीची चिठ्ठी

मी कला शाखेचा पदवीधर, त्यात कवी. रसायनशास्त्राशी माझा संबंध रंगांपुरता. तरीही एका बाटलीवरच्या चुकीच्या चिठ्ठीची गोष्ट मला नेहमी आठवते.

फ्रान्समधल्या माँपेलिए इथे बालार नावाचा तरुण मिठागरातलं पाणी तपासत होता. मीठ काढून घेतल्यावर उरणाऱ्या कडू पाण्यात त्यानं क्लोरीन सोडला आणि लालसर तपकिरी, उग्र वासाचा द्रव हाती आला. १८२६ मध्ये त्यानं हे नवं मूलद्रव्य असल्याचं जाहीर केलं. ग्रीक भाषेतल्या ‘दुर्गंधी’ अशा अर्थाच्या शब्दावरून त्याला ब्रोमीन हे नाव मिळालं. हाच द्रव काही वर्षं आधी जर्मन शास्त्रज्ञ लीबिग यांच्याकडे आला होता. त्यांनी तो आयोडीन क्लोराइड समजून बाटलीवर तशी चिठ्ठी लावली. चूक उमगल्यावर ती बाटली त्यांनी आपल्या चुकांच्या कपाटात जपून ठेवली, असं सांगतात.

खरं तर ब्रोमीनचा स्वभाव साधा. त्याच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन असतात, आठव्याची उणीव. म्हणून सहसा तो एकाच हाताचा. हायड्रोजनही एकाच हाताचा. दोघांनी हात मिळवले की हायड्रोजन ब्रोमाइड तयार होतं. कार्बनला मात्र चार हात. त्यातल्या एका हातातला हायड्रोजन सुटला, तर ती जागा ब्रोमीन घेऊ शकतो.

एवढ्याशा अदलाबदलीनं काय होतं? आपली नीळच घ्या. तिच्या रेणूतल्या दोन ठरावीक जागी हायड्रोजनऐवजी ब्रोमीन आला की निळ्याचा जांभळा होतो. प्राचीन काळी सूर शहरात, म्हणजे आजच्या लेबनॉनमध्ये, समुद्री गोगलगायींपासून काढला जाणारा राजेशाही रंग तो हाच. १९०९ मध्ये फ्रिडलेंडर या रसायनशास्त्रज्ञानं १२,००० गोगलगायी खर्ची घालून जेमतेम १.४ ग्रॅम रंग मिळवला, तेव्हा त्यातला ब्रोमीन उघड झाला. लीबिगसारख्या जाणत्यालाही ओळखू न आलेलं हे द्रव्य गोगलगाय समुद्राच्या पाण्यातून निमूटपणे उचलत आली होती!

माझं नाव ऐकलं की पुष्कळजण विचारतात, ‘उर्दूत लिहिता ना?’ मी म्हणतो, ‘नाही, मराठीत.’ पूर्वी राग यायचा. आता लीबिग यांचं कपाट आठवतं. चिठ्ठी कुणाचीही चुकते. बाटली पुन्हा उघडून पाहिली म्हणजे झालं.