जावास्क्रिप्टशिवाय चालणारा अर्ज : एका विस्मृत नियमाचा इतिहास

संशोधनाचे अनुदान असो, अधिछात्रवृत्ती असो की पात्रता परीक्षा, भारतीय विज्ञानात प्रवेश करणाऱ्या प्रत्येकाला आज एका वेब-अर्जातून जावे लागते. मी राहतो त्या मुनिरक्यात अर्जांची मुदत संपत आली की झेरॉक्सच्या दुकानांत गर्दी होते. विद्यार्थ्यांकडे फोन असतात, कागदपत्रे असतात; तक्रार एवढीच असते की शेवटचे बटण दाबले तरी काहीच घडत नाही. पान दिसते, पण हलत नाही. बटण दाबल्यावर काहीही न घडणे ही गोष्ट वेब-अर्जाच्या जन्माच्या वेळी जवळजवळ अशक्य होती. ती शक्य कशी झाली, हा इतिहास सांगण्याजोगा आहे.

त्याची सुरुवात भौतिकशास्त्रात होते. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न येथे वेब निर्माण केले, हे सर्वश्रुत आहे. परंतु वेबची उपयुक्तता कणभौतिकीच्या लोकांना पटली ती १२ डिसेंबर १९९१ नंतर. त्या दिवशी पॉल कुंझ यांनी कॅलिफोर्नियातील स्लॅक प्रयोगशाळेत युरोपबाहेरील पहिला वेब सर्व्हर सुरू केला आणि ‘स्पायर्स’ हा उच्च-ऊर्जा भौतिकीच्या शोधनिबंधांचा संग्रह वेबवरून शोधता येऊ लागला. वाचकाने शब्द द्यावा आणि दूरच्या यंत्राने उत्तराचे पान पाठवावे, इतकाच तो व्यवहार होता. आजचे सर्व अर्ज त्याचेच वंशज आहेत.

१९९३ मध्ये मोझॅक या ब्राउझरने खऱ्या अर्थाने अर्ज भरण्याची सोय दिली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीने तिला प्रमाणरूप दिले. रचना साधी होती. प्रत्येक रकान्याला नाव असते. अर्जावर तो कोठे व कोणत्या पद्धतीने पाठवायचा याचा पत्ता लिहिलेला असतो. बटण दाबताच ब्राउझर नावे आणि मजकूर यांच्या जोड्या बांधून त्या पत्त्यावर रवाना करतो. तपासणी सर्व्हर करतो आणि चूक असल्यास तसे सांगणारे नवे पान पाठवतो. (या गाठोड्यात देवनागरीचे हाल होतात. आजच्या युनिकोड पद्धतीत नुसता ‘क’ तीन बाइटांचा असतो आणि पत्त्यातून पाठवताना त्याची नऊ चिन्हे होतात. तरीही तो पोहोचतो, हे महत्त्वाचे.)

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले, तेव्हा अनेकांच्या वाट्याला ‘शेल’ खाते आले. त्यात चित्रे नव्हती. अक्षरांचा पडदा आणि कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला लिंक्स हा केवळ मजकूर दाखवणारा ब्राउझर होता. पण त्या पडद्यावरही अर्ज भरता येत असे. नावे, मजकूर आणि पत्ता एवढेच पुरेसे होते.

जावास्क्रिप्ट त्याच वर्षीची. तिची घोषणा डिसेंबर १९९५ मध्ये झाली. अर्ज हा तिच्याहून वयाने मोठा आहे, ही बाब नेहमी विसरली जाते. आरंभी तिचे काम सेवकाचे होते. मंद मोडेमवरून अर्ज जाऊन परत येण्यास वेळ लागे, तेव्हा रिकामा रकाना तिने आधीच दाखवून द्यावा. १९९९ मध्ये पान न बदलता सर्व्हरशी बोलण्याची सोय आली, २००४ मध्ये जीमेलने तिचे सामर्थ्य दाखवले आणि २००५ मध्ये या पद्धतीला ‘एजॅक्स’ असे नाव मिळाले. त्यानंतर अनेक ठिकाणी सेवकाने घरच ताब्यात घेतले. अर्जावरील पत्ता पुसला गेला. बटणाचा अर्थ केवळ आज्ञावलीला ठाऊक राहिला. ती वाटेत अडकली की बटण नुसते चित्र उरते.

दुसरा मार्ग उपलब्ध होता. मार्च २००३ मध्ये स्टीव्हन शँपियन आणि निक फिंक यांनी त्यास ‘प्रोग्रेसिव्ह एन्हान्समेंट’ म्हटले : आधी आज्ञावलीविना पूर्ण चालणारा अर्ज बांधावा आणि मग आज्ञावली पोहोचलीच तर तिने तो पाठवण्याचा क्षण आपल्या हाती घेऊन व्यवहार अधिक सुखद करावा. सर्व्हरवरील तपासणी दोन्ही वेळा तीच. ती तशीही टाळता येत नाही, कारण ब्राउझरमधील तपासणी कोणीही बंद करू शकतो.

भारतीय प्रशासनाला हे ठाऊक नव्हते, असे मुळीच नाही. मे १९९९ च्या जागतिक सुगम्यता मार्गदर्शिकेत आज्ञावली बंद असतानाही पान वापरता आले पाहिजे, असा दंडक होता. डिसेंबर २००८ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गळला. नव्या निकषांनी तंत्राविषयी तटस्थ भूमिका घेतली. पण पुढच्याच महिन्यात, जानेवारी २००९ मध्ये, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने शासकीय संकेतस्थळांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत तो दंडक स्पष्ट शब्दांत नांदत होता. जगाने सोडलेला नियम आपण कागदावर जपला. माझ्या मते तो जपणे योग्यच होते; पाळला मात्र फार थोड्यांनी.

‘आज जावास्क्रिप्ट बंद कोण ठेवतो?’ हा नेहमीचा आक्षेप. त्याचे मोजमाप २०१३ मध्ये ब्रिटनच्या शासकीय डिजिटल सेवेने केले आणि प्रयोगाची मांडणी भौतिकशास्त्रज्ञाला आवडावी अशी आहे. पानावर तीन अदृश्य चित्रे ठेवली : एक सर्वांना मिळणारे, दुसरे आज्ञावली चालली तरच मागवले जाणारे, तिसरे आज्ञावली बंद असेल तरच. पाच लाखांहून अधिक भेटी मोजल्या. १.१ टक्के भेटींत आज्ञावली पोहोचलीच नाही. त्यांपैकी ती बंद असलेल्या केवळ ०.२ टक्के; उरलेल्या ०.९ टक्के भेटींत ती चालू असूनही चालली नाही. तुटलेली जोडणी, कार्यालयीन जाळ्याची गाळणी, अर्धवट उतरलेली फाइल, अशी याची कारणे असू शकतात. म्हणजे प्रश्न हट्टी वापरकर्त्यांचा नसून दुर्दैवी क्षणांचा आहे, आणि असा क्षण कोणावरही येऊ शकतो. लाख अर्जदार असतील तर हे प्रमाण ११०० भरते. हा आकडा ब्रिटनच्या जाळ्यावरचा आहे, हेही लक्षात ठेवावे.

मे २०२१ मध्ये अठरा ते चव्वेचाळीस वयोगटाच्या लसीकरणासाठी कोविनवर नोंदणी हाच आरंभी एकमेव मार्ग होता. ३१ मेच्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल दरीवर बोट ठेवलेच, शिवाय दृष्टिहीनांसाठी ध्वनिरूप कॅप्चा नाही, असे बारीक दोषही नोंदवले. न्यायालयाच्या आदेशात रकान्यांची चर्चा व्हावी, हे मला विलक्षण वाटते. तेथील दोष आज्ञावलीच्या अभावाचा नव्हता. पण अर्ज भरणाऱ्याची एकच प्रतिमा डोळ्यांपुढे ठेवण्याची वृत्ती तीच होती.

दरम्यान कारागिरांचे मत पालटू लागले आहे. डिसेंबर २०२४ मधील रिअॅक्टच्या एकोणिसाव्या आवृत्तीत अर्जाला पुन्हा मानाचे स्थान मिळाले आणि आज्ञावली उतरण्यापूर्वीही तो पाठवता येईल अशी रचना शक्य झाली. न्यायालयही पुढे गेले. ३० एप्रिल २०२५ रोजी त्याने डिजिटल सेवांपर्यंत पोहोच हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग ठरवला. बँकेच्या ओळख-पडताळणीत कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकावण्याची अट होती. याचिकाकर्त्यांत आम्लहल्ल्यातून वाचलेल्या अशा व्यक्ती होत्या, ज्यांना ते शक्यच नव्हते.