मानाची बारी, पदरचा पैसा



इतिहासावर व्याख्यान म्हटले की राजे, लढाया आणि तह यांची अपेक्षा असते. मी ज्या इतिहासाविषयी बोलणार आहे त्यात राजे नाहीत. त्यात गाडामालक आहेत, पैलवान आहेत आणि त्यांच्या खर्चाच्या वह्या आहेत. माझे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे वाचन कामगार संघटनेच्या कचेरीत, पाळी संपवून आलेल्या मंडळींच्या गप्पा ऐकत झाले. त्यामुळे माणूस काय बोलतो याबरोबरच तो पैसा कशावर खर्च करतो हे पाहण्याची मला सवय लागली. आजचा प्रश्नही त्या सवयीतूनच आलेला आहे. ज्या शर्यतीत बक्षीस थोडे आणि खर्च मोठा, तीत माणसे आपण होऊन, प्रसंगी कर्ज काढून का उतरतात?

माझे आजोळ खेड तालुक्यातले. नाशिक-पुणे रस्त्याने सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, मंचर मागे टाकले की तो मुलूख लागतो. खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ हा सारा बैलगाड्यांच्या घाटांचा प्रदेश. घाट म्हणजे डोंगरातला रस्ता नव्हे. शर्यतीसाठी राखलेली, चढाची, मातीची धाव. चार बैल, त्यांच्यामागे हलका गाडा, पुढे घोडीवर स्वार. गाड्यावर हाकणारा कोणी नसतो. निशाण पडते, बैल सुटतात आणि काही सेकंदांत सारे संपते. या एका धावेला तिकडे ‘बारी’ म्हणतात. वर्षभर पोसायचे ते या काही सेकंदांसाठी.

आता बक्षिसाची रीत पाहा. ठरलेल्या सेकंदांत जे गाडे घाट चढून जातात ते सगळे पहिल्या नंबरात. रक्कम त्या सगळ्यांत वाटली जाते. म्हणजे जितके गाडे चांगले पळाले तितका प्रत्येकाचा वाटा कमी. दिवसभरात सर्वांत कमी वेळ घेणाऱ्या गाड्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. बक्षीस वाटले जाते, पण हे नाव वाटले जात नाही.

माझ्या मामांचा गाडा होता. मी विशीत असताना त्यांची वही माझ्या हाती आली. पेंड, हरभऱ्याचा भरडा, दूध, बैलांच्या औषधाचा खर्च, टेंपोचे भाडे, बरोबर आलेल्या पोरांचे जेवण. एका यात्रेच्या पानावर बक्षिसाचे १८० रुपये जमेला होते आणि नुसत्या टेंपोचे ३०० रुपये खर्चाला. नव्याने हिशेब शिकलेल्या माणसाच्या ऐटीत मी म्हणालो, “मामा, हा तर निव्वळ तोट्याचा धंदा आहे.” मामा शांतपणे म्हणाले, “अरे, हा धंदा आहे असं तुला सांगितलं कोणी?”

त्या उत्तराने मी त्या दिवशी गप्प झालो, पण प्रश्न सुटला नाही. धंदा नाही हे खरे. मग काय आहे?

पहिले उत्तर देवाचे आहे. त्या भागात अनेक घाट खंडोबाच्या यात्रांचे आहेत. निमगावचा खंडोबा, थापलिंगचा खंडोबा यांच्या यात्रांत गाडा पळवणे हा नवस असतो. नवस फेडायला गेलेला माणूस पैसे मोजत नाही. पण एवढ्याने भागत नाही. नवस एका बारीत फिटतो. मग तोच गाडा हंगामभर गावोगाव का फिरतो?

दुसरे उत्तर जाणकारांचे आहे. घाटाच्या कडेला बसलेला म्हातारा बैलाचे पाऊल पाहून तो कोणाच्या गोठ्यातला हे सांगतो. खोंड कधी घेतला, कसा तयार केला, मागच्या वर्षी कुठे अडला, हे त्याला पाठ असते. अशा माणसाने मान हलवली की मालकाचे वर्षाचे कष्ट फळाला आले. परक्या माणसाने दिलेल्या हजार रुपयांना ती किंमत नाही. जिथे असे पारखी जास्त जमतात ती यात्रा मानाची. बक्षीस किती आहे याला तिथे दुय्यम स्थान.

हे केवळ आपल्याकडचे वेड नव्हे. अमेरिकेत ओक्लाहोमा राज्यात टल्सा नावाचे शहर आहे. तिथे १९८७ पासून जानेवारीत एका प्रचंड छपराखाली माती अंथरून छोट्या मोटारींची शर्यत होते. ‘चिली बोल’ हे तिचे नाव. तीनशेच्या वर गाड्या उतरतात आणि आठवडाभर चाळण लागते. कित्येक वर्षे या शर्यतीचे पहिले बक्षीस दहा हजार डॉलर होते, आणि गाडीचे नुसते इंजिनच त्याहून महाग! तरी देशभरातले मातीवरचे नामांकित गाडीवाले थंडीत तिथे हजर. त्यांना विचारा वा माझ्या मामांना. भाषा वेगळी, उत्तर एकच. जिथे सगळे आपल्या तोडीचे येतात तिथे आपण नसलो तर आपण कुठेच नाही.

आणि याचा पुरावा हवा असेल तर तो इतिहासाने आपल्या डोळ्यांसमोर दिला आहे. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारच्या अधिसूचनेने बैलांचा खेळासाठी वापर करण्यास मनाई झाली. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतील जल्लिकट्टूबरोबर महाराष्ट्रातील शर्यतींवरही बंदी आणली. २०१७ साली राज्याने कायदा दुरुस्त केला, तोही न्यायालयात अडकला. अखेर १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्यांचे दुरुस्ती कायदे वैध ठरवले. या मधल्या वर्षांत रीतसर शर्यत नाही, म्हणजे बक्षीसही नाही. रोख रकमेसाठी जर हे सारे चालले असते तर सगळे गोठे पहिल्या दोन वर्षांत रिकामे व्हायला हवे होते. पुष्कळांनी जड अंतःकरणाने बैल विकले हे खरे. पण पुष्कळांनी ते पोसले, नवे खोंडही घेतले. मिळकत शून्य असताना खर्च चालू ठेवणारा माणूस बक्षिसासाठी शर्यतीत उतरत होता असे कोण म्हणेल?

इथपर्यंत आलो की व्याख्याते बहुधा मानाची थोरवी गातात आणि टाळ्या घेऊन खाली बसतात. मला तसे करता येत नाही. ज्याने तीस वर्षे पगारवाढीच्या वाटाघाटी केल्या त्याच्या मनात पुढचा प्रश्न उभा राहतोच: मान फुकट असतो काय? त्याचा खर्च कोण सोसतो?

प्राचीन ग्रीसमध्ये ऑलिंपियाच्या खेळांत विजेत्याला रानटी ऑलिव्हच्या फांदीचा मुकुट मिळे, रोकड नाही. यावरून ते लोक पैशाला तुच्छ मानत असे आपल्याला सांगितले जाते. पण प्लुटार्क लिहितो की अथेन्सच्या सोलोनने ऑलिंपिक विजेत्याला नगराच्या खजिन्यातून ५०० द्राख्मा देण्याचा नियम केला होता. म्हणजे यजमानाने पाला दिला आणि पैसा गावाने दिला. आणखी एक गोष्ट. तिथल्या रथांच्या शर्यतीत मुकुट सारथ्याला मिळत नसे, मालकाला मिळे. इ. स. पूर्व ३९६ मध्ये स्पार्टाची राजकन्या किनिस्का अशीच विजयी ठरली. घोडे तिचे होते; लगाम दुसऱ्या कोणाच्या हाती होते. त्या सारथ्याचे नाव इतिहासाने ठेवले नाही.

आपल्याकडचे उदाहरण त्याहून जवळचे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीला निघाले तेव्हा प्रवासखर्चाचीच पंचाईत होती. गावाने वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. स्वागताला शंभरावर बैलगाड्या आल्या. आणि नंतर खाशाबांनी काय केले? कुस्त्यांची मैदाने धरून त्या पैशातून प्राचार्यांचे कर्ज फेडले. पदकाने देशाचा मान वाढला, कर्ज मात्र एका घरावर होते. मला त्या पदकाइतकेच ते गहाणखत थोर वाटते.

सत्तर वर्षांनंतरचे पाहा. १९६१ साली त्या वेळच्या औरंगाबादेत ‘महाराष्ट्र केसरी’ची पहिली स्पर्धा झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. मामासाहेब मोहोळ यांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा खांद्यावर घेणे हे महाराष्ट्रातल्या प्रत्येक तालमीतल्या पोराचे स्वप्न. एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला पृथ्वीराज पाटील याने ती जिंकली आणि कोल्हापूरला एकवीस वर्षांनी हा मान मिळाला. त्यानंतर लगेच त्या तरुणाने वृत्तपत्रांपुढे खंत मांडली की गदा मिळाली, रोख बक्षीस मात्र मिळाले नाही. काहींना ते आवडले नाही. एवढा मान मिळाल्यावर पैशाची भाषा कशाला, असे लोक म्हणाले. मला त्या पोराचे कौतुक वाटले. दूध, बदाम, तूप हे दुकानात गदा दाखवून मिळत नाहीत.

पुढच्याच वर्षी विजेत्याला मोटार आणि रोख लाखांचे बक्षीस मिळाले. बैलगाड्यांतही मे २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत पहिल्या बक्षिसाला जेसीबी यंत्र लागले. आता कोणी म्हणेल, प्रश्न मिटला. पण ही यंत्रे येतात ती पुढाऱ्यांच्या आणि धनिकांच्या हातून, आणि फलकावर त्यांचीच छबी मोठी असते. शेकडो गाड्यांतून एकाला यंत्र मिळते. उरलेले टेंपोचे भाडे भरून घरी जातात. त्यातले बरेचसे पुढच्या यात्रेला पुन्हा खंडोबाच्या घाटात दिसतात, जिथे यंत्र नाही, पण कडेला तो म्हातारा आहे. म्हणजे मोठ्या बक्षिसानेही माणसाची मानाची भूक भागलेली नाही, आणि मानाने खर्चाचा प्रश्न सुटलेला नाही. हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत. एकाची तूट दुसऱ्याच्या जमेतून भरू पाहणे, इथेच सारी गफलत होते.

आणि ही गफलत ज्याच्या सोयीची असते तो ती मुद्दाम चालू ठेवतो. स्पर्धा मानाची आहे, माणसे बक्षिसावाचूनही येतात, मग बक्षीस वाढवायचे कशाला? मी एका कारखान्यात वाटाघाटीला बसलो होतो. कंत्राटी कामगारांच्या मजुरीचा विषय निघाला तेव्हा समोरचे गृहस्थ म्हणाले, “आम्ही दर वर्षी गुणवंत कामगाराचा सत्कार करतो.” शाल आणि नारळ! ती शाल घेतलेला आमचा माणूस माझ्या शेजारीच बसला होता. तो म्हणाला, “साहेब, शालीचा आनंद आहेच. ती मी पेटीत जपून ठेवलीय. पण पोराची फी शालीनं भरता येत नाही.” त्याने शाल परत केली नाही आणि मागणीही सोडली नाही. त्या दिवशी मला मामांच्या प्रश्नाचे उरलेले अर्धे उत्तर मिळाले.

आपले एकलहरे विजेच्या केंद्राभोवती वाढलेले गाव. १९७० साली इथला पहिला संच सुरू झाला. राज्याच्या घराघरांत दिवा लागतो तो आपल्या हातून, हा अभिमान इथल्या प्रत्येक पाळीने बाळगला, आणि तो रास्तच होता. पण अभिमान हा आपला आहे. तो आपल्याला कोणी पगाराऐवजी दिलेला नाही. तो पगारातून वजाही होता कामा नये.

शर्यतीच्या बाबतीतही माझे एवढेच मागणे आहे. कमी बक्षिसाच्या मानाच्या शर्यतीत उतरणाऱ्याला वेडा म्हणू नका. त्याला काय हवे आहे ते त्याला पक्के ठाऊक असते. पण जो त्याच्या येण्यावर गर्दी जमवतो, जागा भाड्याने देतो, फलक लावतो, त्याला हिशेब विचारा. जुंपताना बैलाखाली सापडलेल्या पोराच्या औषधाचे काय? घोडीवाल्याचा विमा आहे काय? बक्षीस एकालाच न देता ज्याची बारी नीट झाली त्या प्रत्येकाचे निदान येण्याजाण्याचे भाडे निघेल अशी वाटणी करता येणार नाही काय? घाटाची जुनी वाटून घेण्याची रीत या बाबतीत शहाणी होती. आणि सर्वांत शेवटी, ज्याच्या पायांवर हे सारे उभे आहे त्या मुक्या कामकऱ्याचे काय? २०१७ च्या कायद्यात बैलाला इजा करणाऱ्यास ५ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा ३ वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. बैल तक्रार करू शकत नाही, त्याची संघटना नाही. म्हणून त्याच्या वतीने हा कायदा पाळला जातो की नाही हे गाडामालकांनीच पाहिले पाहिजे. ज्याला त्याचा अभिमान आहे त्याने चाबूक उचलण्याचे कारण नाही.

मामा वारले त्याला बरीच वर्षे झाली. त्यांची वही माझ्याकडे आहे. जमा आणि खर्च यांचा मेळ तिच्यात कुठेच बसत नाही. पण त्या १८० रुपयांच्या पानावर, रकमेच्या खाली, त्यांनी आपल्या मोडक्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे: “आज घाटाचा राजा.” तो आकडा आणि ती ओळ, दोन्ही खरी आहेत. एक वाचून दुसरे खोडू नये, एवढेच मी आपल्याला सांगायला आलो होतो.