नाच्याचं घर

आमच्या मलकापुरात तंबूतला सिनेमा यायचा, तेव्हाची गोष्ट. मी आठ-नऊ वर्षांचा असेन. गावातून कर्णा लावलेली गाडी फिरायची, दिवस मावळला की पोती आणि गोधड्या घेऊन माणसं तंबूकडे निघायची. अब्बा मला खांद्यावर बसवून घेऊन गेले होते. सिनेमा होता 'सवाल माझा ऐका', १९६४ सालचा. आमच्यापर्यंत पोचायला त्याला पंधरा-सोळा वर्षं लागली होती. जयश्री गडकर आणि अरुण सरनाईक यांच्यासाठी थोरली माणसं आली होती. आम्हा पोरांना मात्र दुसराच माणूस हवा होता. कमरेत लचकणारा, एक हात हनुवटीला लावून "आत्ता गं बया!" म्हणणारा. तो आला की तंबू हसून हसून फाटायचा बाकी राही. त्याचं नाव गणपत पाटील.

दुसऱ्या दिवशी आम्हाला एक नवा खेळ सापडला. आमच्या गल्लीत एक शिंपी होता. नाव सांगत नाही. आम्ही सगळे त्याला मामू म्हणायचो. चाल जरा नाजूक, बोलणं हळू, मान एका बाजूला कललेली. तो दुकानातून बाहेर पडला की आम्ही मागून ओरडायचो, "आत्ता गं बया!" माणसं हसायची. मामू मागं वळून बघायचासुद्धा नाही.

रमजानमध्ये ईदच्या कपड्यांची मापं द्यायला अब्बांनी मला त्याच्याकडेच पाठवलं. माझी मान खाली. मामूनं टेप गळ्यातून काढली, खांद्याचं माप घेतलं, खडूनं वहीवर लिहिलं आणि सहज विचारावं तसं विचारलं, "वो सिनेमावाले को बाल-बच्चे हैं क्या रे?"

मला माहीत नव्हतं. असा प्रश्न पडू शकतो, हेच मुळात तेव्हा कळलं.

उत्तर शोधायला फार वर्षं गेली. बी.ए.साठी कोल्हापुरात राहिलो, तिथल्या नाटक-सिनेमावाल्यांच्या कट्ट्यांवर बसलो, तेव्हा हा माणूस थोडा थोडा कळत गेला. गणपतराव कोल्हापूरचेच. घरची गरिबी, त्यात वडील लहानपणीच गेलेले. मोलमजुरी केली, फुलं आणि उदबत्त्या विकल्या. शाळा राहिली ती राहिलीच. कोल्हापुरात तेव्हा मेळे जोरात होते. त्या मेळ्यांत रामायणाच्या खेळात या पोरानं सीता केली.

इथं जरा थांबू या. पुरुषानं बाईचं काम करणं ही महाराष्ट्राला लाजेची गोष्ट कधीच नव्हती. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीसाठी बाई मिळेना, तेव्हा अण्णा साळुंके नावाचा उपाहारगृहातला आचारी त्यांनी उभा केला. त्याच साळुंक्यांनी १९१७ च्या 'लंकादहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. आणि बालगंधर्व? नारायणराव राजहंसांचं शालू नेसणं पाहून मोठमोठ्या घरच्या बायका तसं नेसायला शिकल्या. १९६४ साली, म्हणजे 'सवाल माझा ऐका' आला त्याच वर्षी, सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

मग गणपतरावांच्या वाट्याला वेगळं काय आलं? बालगंधर्व बाईच व्हायचे. पडदा पडला की ती बाई संपली. तमाशातल्या नाच्याचं तसं नाही. बायका बोर्डावर येण्याआधी नाच्या पोऱ्याच लुगडं नेसून नाचायचा. बायका आल्या आणि त्याचं नाचणं मागं पडलं. उरले ते हातवारे, लचके आणि सोंगाड्याबरोबरची जुगलबंदी. म्हणजे अंगावर कपडे पुरुषाचे आणि वागणं बाईचं. सोंग कुठं संपलं हे बघणाऱ्याला दिसतच नाही. त्यामुळं हसणारा माणूस नाटकगृहाबाहेरही हसतच राहतो. शालूला टाळी आणि लचक्याला शिट्टी, असा आपला हिशेब. त्यात संगीत नाटक कुणाचं आणि तमाशा कुणाचा, हेही आलंच.

गणपतराव या कामाकडं काही एका दिवसात आले नाहीत. राजा गोसावींच्या ओळखीनं ते सिनेमाच्या कंपनीत शिरले ते पडेल ते काम करायला. सुतारकाम केलं, रंगभूषेत हाताखाली राबले. राजा परांजप्यांच्या 'बलिदान'सारख्या चित्रपटांत लहानसहान कामं मिळाली. नाटकंही चालू होती. 'झुंझारराव', म्हणजे देवलांनी मराठीत आणलेला शेक्सपिअरचा 'ऑथेल्लो', त्यातलं त्यांचं काम पाहून जयशंकर दानव्यांनी त्यांना 'ऐका हो ऐका'मध्ये सोंगाड्या दिला. मग 'जाळीमंदी पिकली करवंदं' या नाटकातला नाच्या इतका गाजला की 'वाघ्या मुरळी' चित्रपटात त्यांना तसंच काम मिळालं. तिथून मागं वळणं नाही. मराठीत तमाशापटांची लाट होती. प्रत्येक फडाला नाच्या लागायचा आणि प्रत्येक निर्मात्याला गणपत पाटीलच लागायचे.

एकच काम वर्षानुवर्षं करणं सोपं, असं लोकांना वाटतं. मला नाही वाटत. त्यांचे जुने चित्रपट नीट पाहिले तर दिसतं, की हा माणूस वाक्य कुठं सोडायचं आणि भुवई कधी उचलायची हे घड्याळासारखं सांभाळतो. नायिका रडून गेल्यावर प्रेक्षकाला पुन्हा हसता करायचं काम त्याचं. त्यानं एक क्षण आधी तोंड उघडलं तर आधीचा सगळा प्रसंग बुडाला. असं बुडताना मी पाहिलेलं नाही.

आणि घर? मामूच्या प्रश्नाचं उत्तर असं, की होती. बायको होती, मुलंबाळं होती. साधा संसारी माणूस. पण लोक पडद्यावरच्याला खरं मानून बसले होते. हा तसाच असणार, मग याला लग्न कसलं आणि मुलं कसली? ज्या घरात बाप राबून पैसा आणत होता, त्या घराला त्याच्या टाळ्यांचीच झळ बसली. मुलांची लग्नं ठरवण्याच्या वेळी हीच गोष्ट आड आली. ही हकिगत कोल्हापुरात अनेकांना ठाऊक आहे, आणि सांगणारा ती सांगताना अजून आवाज खाली आणतो. खलनायकाला बायका शिव्या द्यायच्या, पण निळू फुल्यांच्या मर्दपणाबद्दल कुणी शंका घेतली नाही. गणपतरावांची गोष्ट अशी, की त्यांना शिवीसुद्धा हसत हसत मिळाली.

मी मराठीत कविता वाचतो तेव्हा कुणीतरी कौतुकानं विचारतंच, "तुम्ही इतकं चांगलं मराठी कसं?" राग येत नाही. पेशवाईच्या अखेरीला लावण्या रचणारा सगनभाऊ मुसलमानच होता, हे सांगून मी पुढं जातो. पण माणसाला एका कप्प्यात बसवलं की बाहेर यायला किती वेळ लागतो, ते थोडंफार मलाही कळतं.

उतारवयात त्यांचे सत्कार झाले, कौतुक झालं. २३ मार्च २००८ रोजी गणपतराव कोल्हापुरातच गेले. पुढं १ जानेवारी २०१० ला 'नटरंग' आला. आनंद यादवांच्या कादंबरीतला गुणा हा काही गणपतराव नव्हे, तो वेगळा, पैलवानी अंगाचा माणूस. पण नाच्या होण्याची किंमत घर कसं मोजतं, हे त्यात आहे. मी तो कोल्हापुरात पाहिला. अतुल कुलकर्णी नाच्या होऊन पहिल्यांदा समोर आले, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी जोरात ओरडलं, "आत्ता गं बया!" थिएटर हसलं. मध्यंतरानंतर तो आवाज पुन्हा आला नाही.

मामू त्याआधीच गेला होता. दुकानात आता मोबाईलचं रिचार्ज मिळतं. ईदचा तो सदरा मी तीन वर्षं घातला, त्यानं शिवणीत कापड राखून ठेवलं होतं. गणपतरावांना बालबच्चे होते, हे त्याला सांगायचं मात्र राहून गेलं.