फाइल करप्ट नव्हती!

गेल्या शनिवारी वसमतला बाबांचा विंडोज ९८ वाला पीसी उघडला. १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा वेगळा झाला, तेव्हा बाबांनी लिहिलेला लेख हवा होता. ड्रायव्हरअभावी पेनड्राइव्ह चालेना, म्हणून हार्डडिस्कच काढून लॅपटॉपला जोडली. फाइल उघडली, तर इंग्रजी अक्षरांची नुसती खिचडी! बाबांचा चेहराच पडला.

पण मंडळी, फाइल धड होती. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण विंडोजमध्ये ती आली विंडोज २००० सोबत. त्याआधीचे मराठी फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फॉन्ट नसला की मजकुराची खिचडी.

जुन्या डिस्कवरून तोच फॉन्ट टाकला आणि लेख उमटला. बाबा वाचतच बसले.

पीसी भंगारात देण्याआधी फॉन्टचं फोल्डर तेवढं काढून ठेवा.