शिकलगारांचा गांधार

पेशवाईचा अंमल 1818 साली संपला आणि फौजांचा सरंजाम हळूहळू मोडत गेला, तेव्हा तलवारींना धार लावून पोट भरणाऱ्या शिकलगारांच्या धंद्यावर जी अवकळा आली, तिच्यातूनच मिरजेच्या तंतुवाद्यांचा व्यवसाय उदयास आला. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन यांच्या दरबारी गवयांचा राबता होता, त्यांच्या नादुरुस्त वाद्यांना कुशल हात हवे होते. आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फरीदसाहेब शिकलगारांनी ते काम पत्करले, असे मिरजेची परंपरा सांगते. पुढे पंढरपूरकडच्या वाळलेल्या भोपळ्यांना दांडी, तबली आणि घोडी जोडून घडवलेले मिरजेचे तंबोरे देशभर गेले, आणि सुराविषयी कमालीचे काटेकोर असलेले अब्दुल करीम खाँसाहेब याच गावी येऊन राहिले.

या व्यवसायातील सर्वांत नाजूक काम म्हणजे जवारी काढणे. घोडीचा माथा कानशीने असा घासावयाचा की तार त्याच्या किंचित उतरत्या पृष्ठावर हलकेच टेकत-सुटत राहील. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून तिचा नेमका ठाव शोधावयाचा. हा ठाव सापडला की खर्जाच्या तारेतून, जो कोणत्याही तारेला मिळवलेला नाही असा शुद्ध गांधार स्पष्ट उमटू लागतो. कानस हातात असली, तरी ती कोठे थांबवावयाची याचा निवाडा कानाचाच असतो.

या निवाड्याची शास्त्रीय तपासणी पुष्कळ उशिरा झाली. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुती कंपनसंख्यांच्या प्रमाणांत मांडणारा ग्रंथ 1910 साली प्रसिद्ध केला. आणि 1921 साली चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी दाखवून दिले की, तार जेथे छेडावी तेथे ज्या उपस्वराची, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणाऱ्या वरच्या स्वराची, गाठ (स्थिर बिंदू) पडते, तो उपस्वर नियमाप्रमाणे मुका राहावयास हवा असूनही, जवारीच्या घोडीमुळे जोमाने बोलतो. आपला गांधार हाही एक उपस्वरच, खर्जाचा पाचवा अंश, मूळ कंपनांच्या पाचपट वेगाचा.

परंतु तारेत तो असणे वेगळे आणि आपणांस ऐकू येणे वेगळे. कर्णपटलापासून तीन चिमुकल्या अस्थींमार्गे जी कंपने आत पोहोचतात, त्यांची छाननी सुमारे 35 मिलिमीटर लांबीच्या, शंखासारख्या वळलेल्या नळीत होते. तिच्या आतील पडद्याच्या आरंभी उंच स्वर व शेंड्याकडे खर्ज असे स्थानपरत्वे वाटप असते, असा तर्क हेल्महोल्ट्झने 1863 साली मांडला होता. गेओर्ग फॉन बेकेशीने मृतांच्या कानांवर प्रयोग करून पडद्यावरून सरकणारी लाट प्रत्यक्ष पाहिली, आणि त्या संशोधनाबद्दल त्याला 1961 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

कानाने असे विलग केलेले अंश मेंदू पुन्हा एकत्र बांधतो. दुप्पट, तिप्पट, चौपट अशा नात्यातील कंपने एकाच उगमाची मानून तो त्यांना एकच स्वर ठरवतो. म्हणूनच टेलिफोनच्या तारेवर खालची कंपने गाळली गेली, तरी पुरुषाचा आवाज आपणांस जाडाच भासतो. या नियमानुसार गांधारानेही खर्जात मुकाट्याने विरून जावयास हवे. पण जवारीच्या तारेत उपस्वर एकाच वेळी उमटून एकदम मावळत नाहीत. ते मागेपुढे उजळत व विझत जातात, आणि जे वेगळ्या गतीने हलते, त्याची वेगळी दखल मेंदू घेतो. खर्जाचा घटक असूनही गांधार असा त्याच्या पंक्तीतून उठून उभा राहतो.

कारागिराला या कारणमीमांसेची कधी गरज भासली नाही. पात्याची धार अंगठ्याला कळते आणि जवारी कानाला कळते; परीक्षा पाहण्याची ही रीत मात्र शिकलगारांच्या घरात तीच राहिली. सूत केसभर अलीकडे घ्यावे, तार छेडावी, आणि गांधार आला की बोट उचलावे.