कोऱ्या वह्या

पुणे-सातारा रस्त्यावर नसरापूरच्या चेलाडी फाट्याला वळलं की वेल्ह्याचा रस्ता लागतो. मार्गासनी मागे पडतं, डाव्या हाताला राजगड दिसत राहतो आणि पुढे तोरण्याचा डोंगर आडवा येतो. काही वर्षांपूर्वी ऑगस्टमधल्या एका शनिवारी याच रस्त्यानं आमच्या शाळेची बस चालली होती. पुण्यातल्या एका कॅथलिक प्राथमिक शाळेत मी मराठी आणि परिसर अभ्यास शिकवते. बसमध्ये चौथीची बेचाळीस मुलं, दोन सिस्टर आणि मी. मागच्या सीटवर खोकी रचलेली : कोऱ्या वह्या, पेन्सिली, बिस्किटांचे पुडे. वर्षातून एकदा होणाऱ्या या सहलीला शाळेच्या कॅलेंडरवर ‘समाजसेवा दिन’ म्हणतात.

तोरण्याच्या पायथ्याजवळच्या एका वाडीतल्या शाळेच्या पटांगणात दोन रांगा झाल्या. आमच्या रांगेतलं मूल वही पुढे करी, समोरचं मूल ती घेई आणि आधी शिकवून ठेवल्याप्रमाणे ‘थँक यू’ म्हणे. एक मुलगी मात्र वही घेऊन नुसतीच उभी राहिली. तिच्या गुरुजींनी तिला हळूच कोपरानं ढोसलं. तेव्हा ती पुटपुटली.

हा सगळा कार्यक्रम शेजारच्या ओट्यावरून एक आजी बघत होत्या. आमचा एक मुलगा पाणी प्यायला त्यांच्याकडे गेला. त्यांनी तांब्या दिला आणि विचारलं, “तुमच्या घरी पानी कुठलं येतं रं?”

“टाकीतून.”

“आन् टाकीत कुठनं येतं?”

तो माझ्याकडे बघायला लागला. उत्तर मला पाठ होतं, मी ते दरवर्षी फळ्यावर लिहिते : पानशेत, वरसगाव, टेमघर, खडकवासला. मी पानशेत म्हटलं. “म्हंजी आमच्याच डोंगरातलं की,” आजी म्हणाल्या आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेल्या.

सोमवारी मुलांनी निबंध लिहिले. ‘गरीब मुलांना मदत करून मला आनंद झाला’ हे वाक्य थोड्याफार फरकानं बहुतेकांच्या वहीत होतं. ज्या वाडीनं आम्हाला जागा दिली, पाणी दिलं, अर्धा दिवस दिला, तिचे आभार एकाही निबंधात नव्हते. दोष मुलांचा नव्हता. आभार वरच्यानं घ्यायचे आणि खालच्यानं मानायचे, हे त्यांना आम्हीच रांगा लावून दाखवलं होतं.

ही रांग आली कुठून, याचा शोध घेत मी बरंच मागे गेले.

पुण्यातल्या जुन्या कॅथलिक शाळा छावणीच्या आसऱ्यानं उभ्या राहिल्या. जेझुइटांचं सेंट व्हिन्सेंट्स 1867 सालचं. या शाळांत शिक्षण इंग्रजीतून चाले, आणि फळ्यावरची मराठी बराच काळ दुय्यमच राहिली. खेड्यातली गोष्ट वेगळी होती. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकांत जर्मन भाषक जेझुइट नगर जिल्ह्यात केंदळ, वळण, संगमनेर या भागात पोचले. तिथल्या लहान मराठी शाळांत प्रामुख्यानं महार आणि मांग वस्तीतली मुलं बसू लागली. ज्यांना गावच्या शाळेच्या ओसरीवरही जागा नव्हती, त्यांच्या हाती पाटी आली. हे ऋण मोठं आहे आणि ते नाकारण्यात शहाणपणा नाही. पण त्याच काळात 1896 ते 1900 दरम्यानचे दुष्काळ पडले. धान्य, शाळा आणि बाप्तिस्मा एकाच दारातून मिळू लागले. मग त्या लोकांना ‘तांदळाचे ख्रिस्ती’ म्हणून हिणवलं जाऊ लागलं. हिणवणारे बाहेरचे होते, पण आतही उपकाराची जाणीव ठेवण्याची अपेक्षा होतीच. ज्याला रोज आभार मानावे लागतात त्याच्यासाठी आभार हे कर्ज होऊन बसतं. पटांगणातल्या त्या मुलीचं पुटपुटणं मला या जुन्या हिशेबातलं वाटलं.

याच परंपरेत दुसरा एक धागाही आहे, आणि तो ओवीचा आहे.

1579 साली थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला आणि 1619 साली मरेपर्यंत याच किनाऱ्यावर राहिला. नव्यानं ख्रिस्ती झालेल्या लोकांची पुराणं सुटली होती आणि त्यांच्या जागी वाचायला काही नव्हतं. तशी मागणी आली तेव्हा स्टीफन्सनं लॅटिन ग्रंथाचा अनुवाद हाती दिला नाही. तो इथली भाषा शिकला, इथलं पुराण कसं चालतं ते शिकला आणि जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं ‘क्रिस्तपुराण’ रचलं. 1616 साली ते रायतूरला छापलं गेलं आणि पुढे गोव्यातल्या देवळांतून गायलं जाई. धर्मांतर त्याला हवंच होतं, त्याबद्दल भाबडेपणा नको. पण शिकवण्याआधी त्याला विद्यार्थी व्हावं लागलं. 1684 साली पोर्तुगीज सत्तेनं स्थानिक भाषेवर बंदीचा हुकूम काढला, तेव्हा ही विद्यार्थी होण्याची वाटच बंद करायचा प्रयत्न झाला.

विसाव्या शतकात ती वाट पुन्हा वाहती झाली. पंढरपूरच्या विठोबावर अभ्यास करणारे फ्रेंच जेझुइट गी द्ल्यूरी यांचं पुस्तक 1960 साली डेक्कन कॉलेजनं छापलं. 1965 साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, असं जाहीर केलं. पुण्यात स्नेहसदनात मॅथ्यू लेडर्ले या जर्मन जेझुइटानं महाराष्ट्रातल्या विचारपरंपरांचा अभ्यास मांडला. पण माझ्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ येणारा माणूस याच डोंगरांत फिरला होता.

गी पॉइटेवीन यांचा जन्म 1934 सालचा, फ्रान्समधला. कॅथलिक धर्मगुरू, तत्त्वज्ञान आणि धर्मशास्त्र शिकलेले. 1972 मध्ये ते पुण्यात आले, पुढे भारतीय नागरिक झाले आणि 2004 मध्ये वारले. दया पवारांचं ‘बलुतं’ त्यांनी फ्रेंचमध्ये नेलं. हेमा राईरकर यांच्यासोबत त्यांनी पुण्यात समाजशास्त्रीय संशोधनाची एक संस्था उभी केली आणि जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात गरीब डोंगरी संघटनेच्या कार्यकर्त्यांबरोबर काम केलं. रेशन, रस्ता, शाळा, दवाखाना यांवर बैठका होत. या लोकांना काय द्यायचं यापेक्षा त्यांना काय माहीत आहे, असं विचारणं त्या दोघांना अधिक महत्त्वाचं वाटू लागलं. आणि बायकांना काय माहीत आहे याचं उत्तर जात्यावर होतं.

पहाटे दळताना बाई एकटी असते, नाहीतर समोर सासू, नणंद, जाऊ बसलेली असते. खुंट्याला हात लागला की ओवी येते. माहेर, भाऊ, सीता, विठ्ठल, बाबासाहेब, नवऱ्याचा मार, लेकीचा जन्म, सगळं त्यात येतं. पहिल्या ओव्या कोणाला द्यायच्या याचीही रीत आहे : देवाला, आई-बापाला, भावाला, गुरूला. जात्यालाही देव मानतात. म्हणजे कृतज्ञता तिथे आधीपासून होती, मोजून, नावं घेऊन, आणि ती कोणी कोपरानं ढोसून वदवलेली नव्हती.

या ओव्या गावातल्याच कार्यकर्त्यांनी, अनेकदा बायकांनीच, वहीत उतरवून घेतल्या. दोनेक दशकं हे चाललं. अकराशेहून अधिक गावांतल्या तेहतीसशेच्या आसपास गाणाऱ्यांच्या एक लाख दहा हजारांवर ओव्या कागदावर आल्या. नव्वदच्या दशकात बर्नार्ड बेल हे संगीताचे अभ्यासक त्यात आले आणि शंभराहून अधिक तासांचं ध्वनिमुद्रण झालं. 2017 पासून ‘पारी’ या संकेतस्थळावर त्या ऐकता-वाचता येतात. एक धर्मगुरू निरक्षर बायकांच्या पुढ्यात वही घेऊन बसणाऱ्यांच्या मेळ्यात सामील झाला, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. आम्ही डोंगरात कोऱ्या वह्या देऊन आलो होतो. या लोकांनी कोऱ्या वह्या नेल्या आणि भरून आणल्या.

आता पाण्याकडे येते. पानशेतचं धरण अंबी नदीवर आहे, वरसगावचं मोसे नदीवर. 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं आणि पुण्याच्या पेठा बुडाल्या, हे पुण्यातल्या प्रत्येक घराला माहीत आहे. धरण भरलं तेव्हा वर कोणाची शेतं बुडाली, हे फारसं कोणाला माहीत नसतं. भोरकडेही तेच. भाटघरचं धरण 1920च्या दशकात संस्थानाच्या हद्दीत बांधलं गेलं, आणि नीरेच्या कालव्यांतून त्याचं पाणी खालच्या उसाच्या मुलखात गेलं. भात पिकवणारी खाचरं पाण्याखाली गेली आणि साखर दुसरीकडे झाली. पाऊस डोंगरात पडतो, पाणी खाली जातं, आणि वर्षातून एकदा खालून वर वह्यांची खोकी येतात. मुलांना हा हिशेब सांगायचा नसेल तर कृतज्ञतेचा तास घेऊ नये.

दुसऱ्या वर्षी मी खोकी न नेण्याची परवानगी मागितली. “देणगी देणाऱ्या पालकांना काय सांगायचं?” असा प्रश्न आला, तो रास्तच होता. शेवटी ठरलं की वह्या गुरुजींकडे आधीच, गाजावाजा न करता पोचवायच्या आणि मुलांनी प्रत्येकी आपली एक वही घेऊन शिकायला जायचं. जुलैत गेलो. मुलं गुडघाभर चिखलात उतरली, भाताची रोपं उलटीसुलटी लावली, बायकांनी ती हसत उपटून पुन्हा लावली.

दुपारी त्याच आजींच्या पडवीत बसलो. जातं कोपऱ्यात होतं, वर पोती रचलेली. गिरणी आल्यापासून त्यावर फक्त कधीतरी नाचणी दळली जायची. ओव्या आता आठवत नाहीत म्हणाल्या. मग आमच्यातल्या दोघांनी पोती बाजूला केली, त्यांनी मूठभर नाचणी घातली, खुंटा धरला, आणि दोन फेऱ्यांनंतर आवाज आला. मुलं भराभर लिहू लागली. घरी मल्याळम बोलणारा एक, तमिळ बोलणारे दोन, बरेचसे कोंकणी आणि मराठी. ‘ळ’ आणि ‘ण’ यांचे हाल झाले. नगरकडची एक मुलगी मात्र लिहीत नव्हती, ओठ हलवत होती. परतताना बसमध्ये म्हणाली, “टीचर, माझ्या आजीला पण येतात. येशूच्या पण. पण ती म्हणते शाळेत सांगू नको.”

शंभर वर्षांहून जुनी गोष्ट त्या एका वाक्यात बसमध्ये येऊन बसली होती. मी तिला एवढंच म्हटलं की सोमवारी मला सांग, मी लिहून घेईन.

निघण्याआधी आजींनी मल्याळी मुलाला वही वाचून दाखवायला सांगितलं होतं. तो अडखळत वाचत होता. दुसऱ्या ओळीवर त्यांनी त्याला थांबवलं, “असं न्हाई,” म्हणाल्या, आणि शब्द तीनदा म्हणवून घेतला. तो नीट म्हणाला तेव्हा पुढे जाऊ दिलं. मुलांनी रांग न करता, जमेल तसे आभार मानले. आजींना ते फारसे ऐकूच आले नाहीत. त्या जात्याच्या पाळूवर हात फिरवून बघत होत्या.

“गुळगुळीत झालंय,” म्हणाल्या. “पुढल्या साली येनार असाल तर टाकी लावून ठिवते.”