पाचवी ओळ नावाची गोष्टच नाही!

सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी मुलाखत दिली असेल, तर हा प्रश्न तुम्हाला भेटला असणार: "टेबलमधून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढून दाखवा." दिसायला एवढंसं काम, पण भल्याभल्यांना घाम फुटतो. एक्सेलमध्ये दुसऱ्या ओळीवर सरळ बोट ठेवता येतं. मग डेटाबेसमध्ये काय अडतं?

त्यासाठी जरा मागे जाऊ. १९६०चं दशक. आयबीएमचा आयएमएस हा डेटाबेस अपोलो चांद्रमोहिमेच्या सुट्या भागांची यादी सांभाळायला तयार झाला. माहिती झाडासारखी रचलेली. हवी ती नोंद गाठायला प्रोग्रामरनेच वाट काढायची: या फांदीवरून खाली, मग पुढची नोंद, मग त्याच्या पुढची. चार्ल्स बॅकमन यांचा डेटाबेस वेगळ्या रचनेचा, पण वाट शोधणं तिथेही होतंच. १९७३च्या ट्युरिंग व्याख्यानात त्यांनी तर प्रोग्रामरला कौतुकानं 'नॅव्हिगेटर' म्हटलं.

आयबीएममधल्याच एडगर कॉड यांना हे पटत नव्हतं. जून १९७०च्या शोधनिबंधात त्यांनी दुखणं नेमकं पकडलं. नोंदी कुठल्या क्रमाने साठवल्यात यावर प्रोग्राम विसंबला, की क्रम बदलल्या दिवशी तो कोलमडणार. म्हणून त्यांनी क्रमच काढून टाकला! टेबल म्हणजे गणितातला संच. संचात पहिला-पाचवा कोणी नसतो. नोंद ओळखायची ती तिच्यातल्या माहितीवरून, म्हणजे रोल नंबर सांगा आणि विद्यार्थी घ्या. तो कितव्या बाकावर बसलाय, हे विचारायचंच नाही.

१९७४मध्ये कॉड आणि बॅकमन यांचा जाहीर वाद झाला. त्याच वर्षी चेंबरलिन आणि बॉइस यांनी 'सीक्वेल' मांडली, तीच पुढे एसक्यूएल झाली.

पण माणसाला क्रम हवाच असतो हो! गुणवत्ता यादी, पहिले दहा, पुढचं पान. मग कंपन्यांनी आपापल्या पळवाटा काढल्या: मायएसक्यूएलचं 'लिमिट', एसक्यूएल सर्व्हरचं 'टॉप', ओरॅकलचं 'रोनम'. यातलं रोनम भारी फसवं. 'रोनम बरोबर २' लिहिलंत तर हाती काहीच येत नाही. का? समोर आलेल्या पहिल्या ओळीला १ नंबर मिळतो, ती अटीत बसत नाही म्हणून बाद होते, आणि पुढच्या ओळीला पुन्हा १च मिळतो. दोन कधी उजाडतच नाही.

'रो नंबर' अधिकृत मानकात यायला २००३ उजाडलं. तेव्हापासून आधी 'ऑर्डर बाय'ने क्रम ठरवायचा, मग नंबर द्यायचे आणि हवा तो उचलायचा.

तरी मुलाखतीतली गोम राहतेच. सर्वाधिक पगार दोघांना सारखाच असेल तर? 'रो नंबर' त्यांच्यातल्याच एकाला दुसरा ठरवतो. 'डेन्स रँक' त्याखालच्या रकमेवर जातो. तेव्हा दुसरा माणूस हवाय की दुसरी रक्कम, हे समोरच्याला आधी विचारून घ्या.